खोटा ससा आणि भिजलेला पाव

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक मीटलोफ बिघडला. घटना क्षुल्लक आहे, आणि वाङ्मयविषयक लेखांच्या या पानावर बिघडलेल्या पदार्थाने सुरुवात करणे काहींना औचित्यभंगाचे वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु त्या बिघडलेल्या पदार्थाने आम्हांला एका मजकुराकडे पुन्हा वळून पाहायला लावले, आणि मजकूर नीट न वाचण्याची शिक्षा इतकी तत्काळ व इतकी ठोस मिळाल्याचा दुसरा प्रसंग आमच्या आठवणीत नाही.

झाले ते असे. आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, हृदयविकारानंतर डॉक्टरांनी चरबीचे मटण वर्ज्य केले होते. शिवाय दात अधू झाल्यामुळे तुकड्यांचे मांस त्यांना चावत नसे. परिणामी रात्रीच्या जेवणाला त्यांचे ताट वेगळे आणि मुलांचे वेगळे, अशी विभागणी घरात सुरू झाली होती आणि ती दादांना लागत होती. अमेरिकेत पुष्कळ वर्षे राहिलेल्या आमच्या एका नातेवाईक बाईंनी त्यावर तोड म्हणून मीटलोफची कृती लिहून पाठवली. तीत दुधात भिजवलेला पाव होता, अंडे होते, थोड्या तेलावर परतलेला कांदा होता. आम्ही ती कृती वाचली आणि आमच्या मते सुधारली. पाव म्हणजे मैदा, तो काढला. दूध काढले. कांदा परतण्याचे तेलही वाचवले. कोंबडीचा, चरबीचा अंशही नसलेला खिमा घेतला, कणकेसारखा चांगला मळला आणि भाजला. ओव्हनमधून जे बाहेर आले ते आकाराने आणि स्वभावाने विटेसारखे होते. दादांनी एक काप मुकाट्याने संपवला, पाण्याचा दुसरा पेला मागितला आणि ‘चांगलंय’ म्हणाले. त्यांचे ते ‘चांगलंय’ आम्हांला पुष्कळ दिवस बोचत राहिले.

तो पाव तेथे काय करत होता, हा प्रश्न त्यानंतर आम्हांला पडला. उत्तर शोधता शोधता आम्ही स्वयंपाकघरातून इतिहासात केव्हा शिरलो ते कळले नाही. तेथे जे सापडले ते थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांना हा पदार्थ परिचित नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की मीटलोफ म्हणजे खिम्यात भिजवलेला पाव किंवा त्याचा चुरा, अंडे, कांदा आणि मसाला कालवून, त्याला पावाच्या लादीसारखा लांबट आकार देऊन भाजलेला पदार्थ. त्याचे काप करून वाढतात. उरलेला काप दुसऱ्या दिवशी थंडच, पावाच्या दोन तुकड्यांत घालून खातात. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात हा आठवड्याच्या कामाच्या दिवशीचा पदार्थ आहे. सणाला त्याला कोणी विचारत नाही, पाहुण्यांसमोर त्याला सहसा आणत नाहीत. आपल्याकडे पिठल्याला जे स्थान आहे, साधारण तेच त्याचे. सर्वांना आवडते, पण लग्नाच्या पंगतीत दिसत नाही. अशा पदार्थांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही, कारण इतिहास मेजवान्यांची नोंद ठेवतो, रोजच्या जेवणाची नव्हे. रोजच्या जेवणाची नोंद फक्त पाककृतींत राहते, आणि तीही अर्थापेक्षा प्रमाणांत. एक पौंड मांसाला किती पाव, या एका प्रमाणात त्या काळच्या घराची मिळकत लिहिलेली असते.

भाषेपासून सुरुवात करू. या पदार्थाच्या इंग्रजी नावातला ‘लोफ’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्लाफ’ या शब्दापासून आला आहे. त्याचा अर्थ पाव, भाकर. याच शब्दापासून इंग्रजीतले दोन प्रतिष्ठित शब्द निघाले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. ‘लॉर्ड’ म्हणजे मुळात ‘ह्लाफवेअर्ड’, भाकरीचा राखणदार. आणि ‘लेडी’ म्हणजे मुळात भाकरीचे पीठ मळणारी. घरातल्या सत्तेची आणि श्रमाची वाटणी एका भाकरीभोवती कशी झाली होती, हे या दोन शब्दांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सांगितले गेले असेल. राखणदाराचा पुढे सरदार झाला, परमेश्वरही झाला. मळणारीला आदर मिळाला, पण तिचे हात पिठातच राहिले. इंग्रजीत सोबत्याला ‘कंपॅनियन’ म्हणतात, तोही लॅटिन ‘पानिस’ म्हणजे पाव या शब्दावरून. ज्याच्याबरोबर आपण भाकर खातो तो सोबती. हाच ‘पानिस’ पोर्तुगीज भाषेतून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत ‘पाव’ झाला. आणि खिम्यात कालवण्यासाठी दुधात वा पाण्यात भिजवून केलेल्या पावाच्या लगद्याला फ्रेंच स्वयंपाकात ‘पनाड’ म्हणतात, तेही त्याच कुळातले. म्हणजे आम्ही कृतीतून जो पाव काढून टाकला, त्याबरोबर सोबत हा अर्थही काढून टाकला होता, असे म्हणायला निदान व्युत्पत्तीचा तरी आधार आहे.

याच संदर्भात आणखी एका शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. बारीक केलेल्या, मसाला घातलेल्या मांसाच्या सारणाला फ्रेंच भाषेत ‘फार्स’ म्हणतात. लॅटिनमध्ये याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ भरणे, ठासणे असा आहे. मध्ययुगात धार्मिक नाटकांच्या मध्ये मध्ये जे विनोदी प्रवेश भरले जात, त्यांनाही हाच शब्द लावला गेला, आणि तो पुढे नाट्यप्रकाराचे नाव झाला. एकोणिसाव्या शतकात मराठी रंगभूमीवर जे ‘फार्स’ होत असत, त्यांचे नाव असे थेट खिम्याच्या भांड्यातून आलेले आहे. भरताड म्हणून ज्याला हिणवावे त्यानेच कधी कधी सबंध प्रयोग तारावा, हे नाटकवाल्यांना जितके ठाऊक आहे तितकेच स्वयंपाक करणाऱ्यांनाही.

खिम्यात पाव कालवण्याची रीत फार जुनी आहे. आपिकियुस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकग्रंथात, ज्याचे आज उपलब्ध असलेले रूप साधारण चौथ्या-पाचव्या शतकातले मानले जाते, मांस बारीक कुटून त्यात द्राक्षमद्यात भिजवलेला पांढऱ्या पावाचा गर मिसळावा, अशी कृती आहे. मिरी, माशांपासून केलेला खारट रस वगैरे घालून त्याचे गोळे करायचे आणि ते चरबीच्या जाळीत गुंडाळून शिजवायचे. येथे आम्हांला थोडे थांबावे लागले. पाव हा गरिबीचा भराव आहे, अशी आमची अटकळ होती. परंतु हे पुस्तक गरिबांचे नाही. मिरी आणि मद्य परवडणाऱ्या घरातला स्वयंपाकीही मांसात पाव घालत होता. याचा अर्थ पावाला मांस पुरवठ्यास आणण्यापलीकडे दुसरे काही काम होते आणि ते काम रोमन स्वयंपाक्याला माहीत होते. ते काम कोणते, ते पुढे पाहू.

जर्मन भाषिक प्रदेशात या पदार्थाच्या एका प्रकाराला ‘फाल्शर हाजे’ म्हणतात, म्हणजे खोटा ससा. खिम्याच्या लांबट गोळ्याच्या पोटात उकडलेली अंडी ठेवून तो भाजतात. कापला की प्रत्येक कापात अंड्याची चकती दिसते. सशाची शिकार ज्याच्या नशिबी नाही त्याने खिम्याचा ससा करावा, असा या नावातला व्यंग्यार्थ. आपल्या न्यायशास्त्रात जे मुळात अस्तित्वातच नाही त्याला ‘शशशृंग’, सशाचे शिंग, म्हणतात. जर्मन गृहिणीने त्याच्याही पुढे जाऊन सबंध ससाच नसताना उभा केला. अलंकाराच्या भाषेत बोलायचे तर सगळा मीटलोफच एक रूपक आहे. ओव्हनमध्ये भाजलेला सबंध मांसाचा तुकडा हे उपमेय, आणि बारीक केलेल्या, नावाजल्या न गेलेल्या मांसाचा हा गोळा त्याच्या जागी बसलेला. रूपक यशस्वी व्हायचे तर दोन गोष्टी हव्यात: ते एकसंध राहिले पाहिजे, आणि ते कोरडे होता कामा नये.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांनी आपल्याबरोबर अशीच एक रीत नेली. डुक्कर मारल्यावर उरलेले बारीकसारीक मांस मक्याच्या पिठात शिजवून, साच्यात थापून, त्याचे काप तळायचे. या पदार्थाला ‘स्क्रॅपल’ म्हणतात. इतिहासकार त्याला मीटलोफचा पूर्वज मानतात. परंतु मीटलोफ घरोघरी पोचायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या, आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. १८६५ साली शिकागोत गुरांचा प्रचंड मोठा बाजार, युनियन स्टॉक यार्ड्स, सुरू झाला, आणि पुढे १८८० च्या सुमारास बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेडब्यांतून तेथले कापलेले मांस पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागले. मांस स्वस्त झाले. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने फिरवायचे लोखंडी खिमायंत्र स्वयंपाकघराच्या टेबलाला लागले. तोवर मांस बारीक करायचे म्हणजे सुरीने तासभर चेचत बसायचे काम होते. आता गुरांच्या मानेचे, पायाचे, तंतुमय आणि म्हणून स्वस्त मांस काही मिनिटांत मऊ होऊ लागले.

१८९६ साली बोस्टनच्या पाकशाळेच्या मुख्य अध्यापिका फॅनी फार्मर यांचे ‘बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ प्रसिद्ध झाले. प्रकाशकाला पुस्तक खपण्याची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च लेखिकेलाच सोसावा लागला. पुढे हे पुस्तक अमेरिकेच्या घराघरांत गेले. त्यात वासराच्या मांसाच्या ‘लोफ’ची कृती आहे: बारीक केलेले मांस, खारवलेली डुकराची चरबी, बिस्किटांचा चुरा, हे सारे पावाच्या साच्यात दाबून भाजायचे. फार्मरबाईंची खरी कीर्ती मात्र मापांची आहे. ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’ ही भाषा त्यांनी मोडीत काढली आणि पेला व चमचा सपाट भरून मोजावा, असा आग्रह धरला. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापांनी मराठी घरांत जे केले, त्याची ही पूर्वपीठिका म्हणता येईल. माप लिहिले की विद्या आईकडून मुलीकडे जाण्याची अट उरत नाही. ती परक्या शहरात एकट्या पडलेल्या मुलीलाही मिळते. परंतु मापाने एक तोटाही होतो. ‘अर्धी वाटी पाव’ असे वाचणाऱ्याला पाव किती ते कळते, का ते कळत नाही. आणि का ते न कळल्यामुळे आमच्यासारखा शहाणा वाचक तो खुशाल खोडून टाकतो.

यानंतर मीटलोफच्या इतिहासात एक कादंबरी येते. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकातून क्रमशः आणि १९०६ च्या आरंभी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लिथुआनियाहून आलेल्या स्थलांतरित मजुरांचे शिकागोच्या कत्तलखान्यांत काय होते, हा तिचा विषय. वाचकांनी मात्र मजुरांपेक्षा मांसच अधिक लक्षपूर्वक वाचले. यंत्रातून काय काय जाते हे वाचून देश हादरला आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस मांसतपासणीचा कायदा झाला. मजुरांच्या वाट्याला त्या मानाने फारसे काही आले नाही. आपण वाचकांच्या हृदयावर नेम धरला आणि तो पोटावर लागला, अशी खंत सिंक्लेअर यांनी नंतर बोलून दाखवली. वाङ्मयाच्या सामाजिक परिणामाविषयी बोलताना हे उदाहरण नेहमी दिले जाते. आम्हांला येथे त्याचा वेगळा उपयोग आहे. सबंध तुकडा डोळ्यांना दिसतो, पारखता येतो. खिम्यात काय आहे ते दिसत नाही. खिमा हा सर्वस्वी विश्वासाचा पदार्थ आहे. म्हणून ‘घरी केलेला’ हे विशेषण मीटलोफला लागते तेव्हा ते केवळ जिव्हाळ्याचे नसते. त्यात एक ग्वाही असते की यात काय घातले आहे ते घालणाऱ्याला माहीत आहे, आणि खाणारे तिचे आपले आहेत.

मग टंचाईची वर्षे आली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये हर्बर्ट हूवर यांच्या हाताखाली अन्नप्रशासन स्थापन झाले, आणि आठवड्यात एक दिवस मांसाविना व एक दिवस गव्हाविना काढण्याचे आवाहन गृहिणींना करण्यात आले. १९२९ नंतरच्या महामंदीत, विशेषतः १९३३ च्या आसपास, देशातला सुमारे चौथा हिस्सा कामगारवर्ग बेकार होता. एक पौंड खिम्यात घरातली सगळी माणसे जेवली पाहिजेत, हा त्या काळातल्या स्वयंपाकाचा पहिला नियम झाला. शिळा पाव, बिस्किटांचा चुरा, ओट, उरलेला भात, किसलेले गाजर, जे असेल ते खिम्यात गेले. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४३ पासून नोव्हेंबर १९४५ पर्यंत मांसावर नियंत्रण होते. पैशांबरोबर तांबडी कुपनेही द्यावी लागत. एम. एफ. के. फिशर यांचे ‘हाउ टु कुक अ वुल्फ’ हे टंचाईतल्या स्वयंपाकावरचे पुस्तक १९४२ चे. नावातला लांडगा म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारात दाराशी येऊन उभी राहणारी भूक. ज्यांना स्वयंपाकाविषयीचे लेखन वाङ्मयाच्या पंक्तीला बसवायचे आहे त्यांनी हे पुस्तक वाचले पाहिजे. भुकेला शिजवून खाता येते, ही कल्पनाच एका समर्थ लेखिकेची आहे.

टंचाई संपली, पण पदार्थ राहिला. त्याच्यावर टोमॅटो केचपचा गोडसर लेप आला आणि तो ‘आईच्या हातचा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कमतरतेतून जन्मलेला पदार्थ आठवणीचा झाला.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. १९७७ साली अमेरिकी सिनेटच्या एका समितीने, जिचे अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न होते, देशाच्या आहाराची उद्दिष्टे जाहीर केली: चरबी कमी, साखर कमी, मीठ कमी, धान्य-भाज्या अधिक. १९८० मध्ये सरकारी आहारमार्गदर्शिका निघाली. मग मीटलोफमध्ये गाईच्या मांसाऐवजी टर्कीचा खिमा आला, पावाऐवजी ओट, शिवाय अळंबी, गाजर, पालक. आणि जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओटमधल्या विद्राव्य तंतूंमुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की महामंदीतल्या बाईने जे भांडे कालवले होते त्याच भांड्यात तेच ओट आहेत. तेव्हा ती ते मांस पुरत नाही म्हणून घालत होती. आज आपण ते प्रकृतीसाठी घालतो. वस्तू तीच राहिली आणि तिचे क्रियापद बदलले: ‘पुरवणे’ होते तेथे ‘जपणे’ आले.

या बदलाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ओटचे गुण खरे आहेत आणि दादांचे हृदयही खरे आहे. आमची तक्रार वेगळी आहे. ‘काटकसर’ हा शब्द जाऊन ‘आरोग्य’ हा शब्द आला तेव्हा काटकसर करणाऱ्या बाईची बुद्धी हिशेबातून गळाली. तिने जे केले ते नाइलाजाने केले, आणि आपण तेच करतो ते ज्ञानाने, असा एक समज मागे राहिला. तो खोटा आहे. शिळा पाव कोरडा घालण्याऐवजी दुधात भिजवून का घालायचा, हे तिला नाइलाजाने शिकवले नव्हते. ते तिने आणि तिच्या आधीच्या पिढ्यांनी पाहून, करून, बिघडवून ठरवले होते. आमची चूक नेमकी त्या समजातून झाली. पाव म्हणजे गरिबीचा भराव, तो काढला की शुद्ध आणि आरोग्यकारक तेवढे उरेल, असे आम्ही मानले.

आता पावाचे ते दुसरे काम. मांसातली प्रथिने तापली की आकसतात, आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ती इतकी आवळतात की आतले पाणी पिळून बाहेर पडते. सबंध तुकड्यात तंतू लांब असतात. खिम्यात ते तुटलेले असल्यामुळे पाणी सुटायला वाटा अधिक. शिवाय मीठ घालून खिमा फार मळला तर प्रथिने एकमेकांना चिकटून घट्ट जाळे बनवतात, आणि ते जाळे आकसले की वीट तयार होते. भिजवलेला पाव या जाळ्याच्या मधे मधे जाऊन बसतो. प्रथिनांना एकमेकांचे हात धरू देत नाही. त्यातला स्टार्च दूध आणि मांसाचा सुटलेला रस धरून ठेवतो. परतलेला कांदा, किसलेले गाजर, बारीक चिरलेली अळंबी हेही थोडेफार तेच करतात. मांसात चरबी जितकी कमी तितकी या सोबतीची गरज अधिक, कारण ओलाव्याचा भास देणारी चरबी तेथे नसते. म्हणजे आरोग्यासाठी चरबी काढायची असेल तर पाव ठेवलाच पाहिजे. आम्ही दोन्ही एकदम काढले होते.

दुसऱ्या वेळी आम्ही कृती जशी होती तशी वाचली. अर्धा किलो कोंबडीच्या खिम्याला पाऊण वाटी ओट, अर्धी वाटी दुधात पंधरा मिनिटे भिजवून लगदा होईपर्यंत कालवले. एक मोठा कांदा आणि शंभर-दीडशे ग्रॅम अळंबी चमचाभर तेलावर परतून, पाणी आटवून, निववून घेतली. एक गाजर किसले. एक अंडे, थोडे आले-लसूण, मिरपूड, कोथिंबीर आणि बेताचे मीठ. हे सारे आधी ओटच्या लगद्यात एकजीव केले आणि खिमा सर्वांत शेवटी घालून बोटांनी हलकेच मिसळला. कणीक मळण्याची आपल्या हातांची सवय येथे विसरावी लागते. साच्यात न दाबता त्याची लांबट लादी करून ती तव्यासारख्या पसरट ताटात ठेवली, म्हणजे बाजूंनाही चांगली भाजली जाते आणि सुटलेल्या पाण्यात उकडत नाही. वरून टोमॅटोच्या दाट रसात किंचित व्हिनेगर आणि नावापुरता गूळ घालून त्याचा लेप दिला, कारण बाजारी केचपमध्ये साखर आणि मीठ बरेच असते. १८० अंशांवर सुमारे ५० मिनिटे.

मिनिटांवर मात्र विसंबू नये. १९९३ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या टिक्क्यांतून विषबाधेची मोठी साथ पसरली आणि त्यात चार मुले दगावली. पुढच्या वर्षी तेथल्या सरकारने त्या जिवाणूने दूषित झालेला गाईचा खिमा विक्रीस निषिद्ध ठरवला. सबंध तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. खिम्यात पृष्ठभागच आत जातो. म्हणून लादीच्या मध्यभागी तापमापक खुपसून पाहावे: गाईच्या, डुकराच्या वा बकऱ्याच्या खिम्याला ७१ अंश, कोंबडी किंवा टर्कीला ७४. सिंक्लेअर यांच्या कादंबरीने उभा केलेला विश्वासाचा प्रश्न असा अजून आपल्या स्वयंपाकघरात येऊन उभा असतो. एवढी उष्णता देऊनही पदार्थ ओला राहावा, हे पावाच्या वा ओटच्या लगद्यामुळेच शक्य होते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे त्याला हात लावू नये. सुटलेला रस पुन्हा आत मुरतो आणि काप तुटत नाहीत.

काप तुटले नाहीत. दादांनी दुसरा काप मागितला आणि मुलांनी तिसरा. त्या रात्री ताटे वेगळी नव्हती.

जेवताना दादा सहज म्हणाले, ‘तुमची आजी कटलेटला पाव भिजवून, पिळून घालायची, तसाच मऊ झालाय.’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरोखरच, मुंबईपासून गोव्यापर्यंत खिम्याची कटलेटे करणाऱ्या कितीतरी घरांत पावाचे काप पाण्यात बुडवून, तळहातांत दाबून पिळून, खिम्यात कुस्करण्याची रीत चालत आली आहे. पनाड हा शब्द त्या घरांना माहीत नसला तरी त्याचा सख्खा भाऊ पाव त्यांच्याकडे होताच. आम्ही रोम, जर्मनी, बोस्टन आणि शिकागो हिंडून जे शिकलो ते आजीच्या तळहातांत होते. आजीला आम्ही त्याचे कारण कधी विचारले नाही. काटकसर करते, असेच समजत आलो. ती वही आता माळ्यावरून काढली आहे. तीत मापे नाहीत. कटलेटच्या पानावर पावापुढे फक्त ‘लागेल तसा’ असे लिहिले आहे.